धुतलेली ताटं

पाणी गेलं की नळ गप्प बसत नाही. आधी खोकतो, मग नुसती हवा सोडतो, मग पाइपात कुणी अडकल्यासारखी बारीक शीळ घालतो. एप्रिल लागला, पाणीकपातीचा मेसेज ग्रुपवर आला आणि काल दुपारी आमच्या मोरीतल्या नळानं हे सगळं करून दाखवलं. माझ्या हातात खरकटं ताट होतं. मी ते तसंच धरून उभी राहिले. कुणाचा उन्हाळा आंब्याच्या पेटीतून येतो, कुणाचा गावच्या गाडीतून. माझा कोरड्या नळातून येतो, आणि हातात स्टीलचं ताट असलं की पुरताच येतो.

आठवतो तो एकच, ठाण्यात कोपरीतली आमची चाळ पुनर्विकासात पाडली, त्यानंतरचा पहिला उन्हाळा. नवी इमारत होईपर्यंत म्हणून आम्हाला शीळफाट्याच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका सात मजली बिल्डिंगमध्ये आणून ठेवलं होतं. भिंतींना अजून ओल्या सिमेंटचा वास होता. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा होता आणि त्याच्यापुढे आडवी लावलेली फळी. दिवसभर ट्रक जायचे आणि भांडी फळीवर आपोआप किणकिणायची. चाळीत आम्ही बौद्धांच्या खोल्या एका अंगाला आणि कोकणातली, साताऱ्याकडची घरं दुसऱ्या अंगाला, असं होतं. इथे चिठ्ठ्या टाकून खोल्या मिळाल्या, त्यामुळे सगळे एकमेकांत मिसळले. म्हणजे दारं मिसळली.

आमच्यातल्या बऱ्याच बायका कोपरीत घरकाम करायच्या. चालत जायच्या, चालत यायच्या. इथून जायचं तर आधी रिक्षा, मग बस, पुन्हा रिक्षा. एकेक घर सुटत गेलं. रेशनचं दुकान तिकडेच राहिलं, कार्ड तिकडचं. माणसं इकडे, धान्य तिकडे. आम्हाला घरं मिळणार म्हणून टेंभी नाक्यापर्यंत बॅनर लागले होते. मधल्या काळात आम्ही काय खायचं, हे कुठल्याच बॅनरवर नव्हतं.

भूक ऐकू येते, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. चाळीत दुपारी बाराला कुकरच्या शिट्ट्यांचा नुसता गोंधळ असायचा. इथे मजल्यावर एखादी वाजायची, तीही घाईत दाबल्यासारखी. आणि उपास फार वाढले. सोमवार, गुरुवार, संकष्टी, कुणाचा तरी नवस. "आज नाही गं, उपास आहे." आमच्याकडे उपास करत नाहीत, म्हणून आम्ही पित्ताचं नाव सांगायचो. जिन्यात दोन बायका भेटायच्या, एकीचा उपास असायचा, दुसरीला पित्त. दोघी मान डोलवायच्या आणि आपापल्या दारामागे जायच्या.

आमच्या घरात पप्पांची पत्रकं होती. पप्पा प्रेसमध्ये कामाला. मी वाचायला शिकले ती उरलेल्या प्रुफांवर. जयंतीच्या आदल्या दिवशी घरात खळ शिजायची, पिठाची, डबाभर. एका वर्षी डब्यात जेमतेम एका वेळचं पीठ होतं आणि भाकरी करायची की खळ, यावर घरात भांडण झालेलं मला आठवतं. खळ झाली. आम्ही सगळे उपाशी पोटी पोस्टर लावत फिरलो आणि मला त्याचा भयंकर अभिमान वाटला होता. पप्पा म्हणायचे, "पत्रकात 'कदाचित' लिहायचं नाही. ज्याला कदाचित म्हणायचंय, त्यानं घरी बसावं."

आई पत्रकं वाचायची नाही. ती खळ ढवळायची.

चाळीत असताना आई एका बालवाडीत खिचडी करायची. तिथे तिचा चहाचा कप खिळ्याला वेगळा टांगलेला असे. तो कुणी टांगला, कुणी ठरवलं, काही नाही, आधीपासून तसंच. आई त्यात चहा प्यायची. पुढे काही पोरांच्या आया घरून डबे द्यायला लागल्या आणि बाईंनी एक दिवस सांगितलं, "मुलं खात नाहीत हो." आई म्हणाली होती, "मुलं बोटं चाटतात, बाई." पण काम गेलं. येताना आईनं तो कप सोबत आणला आणि चाळीच्या नाक्यावर, गटाराच्या कठड्यावर शांतपणे फोडला. मग घरी येऊन भात टाकला.

तर त्या उन्हाळ्यात आईनं तळमजल्याचा हॉल मागितला. विहारातली मोठी शेगडी आणली, दोन पातेली आणली, ताटांची एक चळत आणली. पप्पा म्हणाले, "अन्नछत्र काढ, पत्रक मी छापतो." आई म्हणाली, "अन्नछत्र म्हटलं तर एक बाई यायची नाही. वर्ग म्हणा."

पत्रक निघालं. स्वयंपाक वर्ग, दर रविवारी, येताना घरात असेल त्यातलं मूठभर आणावं.

तीस-तीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बायका स्वयंपाक शिकायला आल्या. पोरांना घेऊन आल्या. कुणीही कुणाला विचारलं नाही, की तुला भात येत नाही का. प्रत्येकीच्या पदरात, पिशवीत, डब्याच्या झाकणात एकेक मूठ. पहिल्या रविवारी उत्साहात सगळ्यांचे तांदूळ आम्ही एकाच पातेल्यात ओतले. रेशनचा जाडा, बाजारचा तुकडा, कुणाच्या गावचा लाल. व्हायचं तेच झालं. तुकड्याची खळ झाली, जाडा अर्धा कच्चा, आणि लाल तांदूळ दाताखाली खड्यासारखा. पाटील आजी हसायला लागली. ती शेजारच्या गावातली, आगरी, नव्वार नेसणारी. आमच्यात कशी म्हणून कुणीतरी विचारलं, तर म्हणाली, "माझे शेतान तुमची बिल्डिंग हाय. आन मना इचारता, तू कोन?"

पुढच्या रविवारपासून आईनं भाजणी शिकवली. शिकवली म्हणजे काय, सगळ्यांना येतच होती. ज्वारी वेगळी भाजायची, तांदूळ वेगळे, डाळी वेगळ्या, धणे वेगळे, ज्याला जितकी आच लागते तितकी द्यायची, आणि मग सगळं एकत्र दळायचं. दळल्यावर कुणाची मूठ कुठली, कुणाला सांगता येत नाही. गच्चीवर धुतलेलं धान्य वाळत पडायचं, हॉलमध्ये शेगडी, बाहेर हायवेची धूळ, आणि भाजलेल्या धण्यांचा वास जिन्यानं सातव्या मजल्यापर्यंत चढायचा. त्या वासानं दारं उघडायची. मला वाटायचं, आमच्या कुठल्याही पत्रकानं इतकी दारं उघडली नाहीत.

फ्लॉवरचे दांडे, मुळ्याचा पाला, मटाराची सालं, काही वाया जायचं नाही. पाटील आजी तांदळाची भाकरी थापायची आणि आमच्या थापण्याला नावं ठेवायची. सुकटीची चटणी व्हायची. आणि एक वाजता सगळे ओळीनं जमिनीवर बसून जेवायचे, विहारातल्या ताटांत. हातात येईल ते ताट.

एक शालिनी काकू सोडून.

शालिनी काकू म्हणजे कमिटीच्या सेक्रेटरींची बायको. मूळच्या कोकणातल्या, चाळीत आमच्या समोरच्या अंगाला राहायच्या. काकांची डोंबिवलीची कंपनी बंद झालेली सगळ्यांना माहीत होती, पण काका रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे आणि आम्ही सगळे रोज त्यांना निघालेले बघायचो. काकूंनी पहिल्याच दिवशी दारात उभं राहून सांगितलं होतं, "मी शिकवायला येणार हां, शिकायला नाही." त्यांनी घावणे शिकवले, सोलकढी शिकवली, आईच्या फोडणीला हसल्या. आईनं विचारलं, "काकू, बसताय ना?" तर पदर खोचत म्हणाल्या, "छे गं, घरी सगळं झालंय माझं." आणि जेवणाच्या पंगतीकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहायच्या. मी वाढताना त्यांच्या पाठीकडे बघायचे. माझ्या कानशिलात रक्त वाजायचं. आमच्या परातीत त्यांचा हात चालतो, आमच्या ताटात नाही.

मग एका संध्याकाळी काकांनी आम्हाला जिन्यात गाठलं.

"ताई, हॉल तुमचाच आहे," ते आईला म्हणाले. "कमिटीचं फक्त एवढंच म्हणणं आहे, ज्यानं त्यानं आपलं ताट घरून आणायचं. वाटी, चमचा पण. बाकी काही नाही, हायजीनचा प्रश्न आहे."

"ताटं आम्ही गरम पाण्यानं धुतो, भाऊ."

"ते दिसतं ना. पण नियम केला की सगळ्यांना. नाहीतर मग हॉल बंद ठेवायला लागेल. तक्रारी येतायत लोकांच्या."

"कुठल्या लोकांच्या?" मी विचारलं.

"तू कॉलेजला आहेस ना? अभ्यास कर."

त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी सरळ बोललं नाही. बायका येऊन जात होत्या. कुणी आईला म्हणे, "पोरांचं पोट भरतंय ना वंदनाताई, मग ताट कुठलं का असेना." कुणी म्हणे, "आज ताट, उद्या पातेलं वेगळं करा म्हणतील." दोन्ही खरं होतं, म्हणून तर झोप लागत नव्हती. हॉल गेला तर रविवारचं जेवण जाणार होतं, आणि आमच्या मजल्यावरच्या चार घरांत आठवड्यातलं पोटभर जेवण ते एकच होतं. मला त्या घरांतली पोरं माहीत होती. जेवताना बोलत नसत.

मी पत्रक लिहिलं. एका बसणीत लिहिलं. वर मोठ्या अक्षरांत, हा स्वच्छतेचा प्रश्न नाही. खाली खिळ्याला टांगलेला कप, बालवाडी, पाठ करून उभी राहणारी बाई, सगळं. नाव घेतलं नव्हतं, पण आंधळ्यालाही कळलं असतं. पप्पांनी वाचलं आणि म्हणाले, "उद्या छापून आणतो." त्यांचे डोळे चमकत होते.

आईनं ते पहिल्यांदा नीट वाचलं. मग कागद गुडघ्यावर ठेवून म्हणाली, "शाली का उभी राहते खिडकीशी, तुला काय वाटतं?"

"स्पष्ट आहे ना ते."

"मला घास गिळताना दिसतो तिचा. तोंडात काही नसताना गिळते. तिला जेवायचंय. म्हणून ताटाची अट आलीय. स्वतःचं ताट असलं की ती बसू शकते."

मला हे सुचलंच नव्हतं आणि कळल्यावर राग दुप्पट झाला. "मग काय करायचं? तिला भूक लागली म्हणून आपण पुन्हा कप टांगायचा?"

"मी टांगायचा म्हटलं का?"

"मग?"

"वाटायचं तर वाट पत्रक. फक्त रविवारी पोरांना काय वाढायचं, तेही त्यात लिही."

मी कागद तिच्या गुडघ्यावरून ओढून घेतला. ते लिहिता येत नव्हतं. पत्रकं ज्या टोकापर्यंत जातात त्याच्या पुढे एक पातेलं असतं, आणि ते कुणीतरी भरायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तरीही मला आजही वाटतं, ते न छापलेलं पत्रक खरं होतं. त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही.

रविवारी सगळे आपापली ताटं घेऊन आले. कमिटीचा नियम. आमच्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात. लग्नात आलेली, बारशाला आलेली, कुणाच्या आठवणीत दिलेली. दुकानातला माणूस टोच्यानं टिंबा-टिंबांची अक्षरं काढतो. त्या दिवशी हॉलमध्ये सगळी चाळ आपापलं माहेर-सासर छातीशी धरून उभी होती. शालिनी काकूंच्या ताटावर त्यांच्या आईचं नाव होतं. आम्ही आणलं होतं ते माझ्या आजीचं. माझी आजी गावात लहान होती तेव्हा तिला पाणी वरून ओंजळीत ओतायचे. मुंबईला आल्यावर पहिल्या पगारात तिनं ते ताट घेतलं होतं आणि स्वतःचं नाव घालून घेतलं होतं. अनुसया. नुसतं अनुसया, पुढे-मागे कुणी नाही.

काकाही आले होते, नियम पाळला जातोय का बघायला.

आईनं कोपऱ्यातलं मोठं घमेलं मध्ये आणलं आणि म्हणाली, "आणा ताटं इकडे. प्रवासातून, जिन्यातून आलीत, धूळ बसलेली असते. हायजीनचा प्रश्न आहे." आणि काकूंच्या हातातलं ताट पहिल्यांदा घेतलं. त्यांना काही कळायच्या आत ते घमेल्यात होतं. मग पाटील आजीचं, मग आमचं, मग सगळ्यांचीच. चौघी-पाचजणी बसल्या, राखेनं, साबणानं, गरम पाण्यानं सगळी ताटं घासली आणि चळत लावली. काका घमेल्यापर्यंत आले आणि मागे फिरले. सगळ्यांनी घरूनच ताट आणलं होतं. नियमात कुठे लिहिलं होतं, की आपलंच परत घ्यायचं?

पंगत बसली. आई चळतीतून वरचं ताट उचलायची आणि समोरच्याला द्यायची. बघत नव्हती, कुणाचं कुणाला. काकू त्या दिवशी खिडकीशी नव्हत्या, जेवायच्या तयारीनं आल्या होत्या, ओळीत बसल्या होत्या. त्यांच्या हातात ताट आलं. त्यांनी ते उलटं करून नाव वाचलं. मी वाढायची पळी धरून समोरच होते. ते आमच्या आजीचं होतं.

काकू उठल्या. नळाशी गेल्या. नळ सोडला, आणि आत्ताच घासून पुसलेलं माझ्या आजीचं ताट पुन्हा धुतलं. आतून, बाहेरून, कडांनी. मग येऊन बसल्या आणि माझ्याकडे न बघता ताट पुढे केलं.

माझा हात उचलला जाईना. पळीतली आमटी मी पुन्हा पातेल्यात ओतली. पाटील आजी हळूच म्हणाली, "वाढ गो पोरी. निवतंय." आईनं माझ्या हातातली पळी काढून घेतली आणि वाढलं. काकूंनी खाल्लं. मान खाली घालून, थालीपीठाच्या शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून खाल्लं. पुन्हा घेतलं.

घरी आल्यावर मी आईला म्हणाले, "धुतलं तिनं. तुझ्या आईचं ताट धुतलं."

"जेवली," आई म्हणाली.

"ते उत्तर नाहीये."

"नाहीच आहे," आई म्हणाली.

पुढच्या रविवारी पाणीकपातीचा दिवस होता. सकाळी भरून ठेवलेलं एक पिंप तेवढं होतं, त्यातच ताटं धुऊन झाली होती. पुन्हा घमेलं, पुन्हा चळत, पुन्हा जे येईल ते. काकूंना कुणाचं ताट आलं मला आठवत नाही, पण त्यांच्या घरचं नव्हतं. त्या उठल्या, नळाशी गेल्या, तोटी फिरवली. नळ खोकला. हवा आली. मग ती शीळ.

त्या ताट धरून उभ्या राहिल्या. पाठीमागे पंगत बसलेली. कुणी घास उचलला नव्हता. आई भाकरीचे तुकडे करत होती, तिनं मान वर न करता सांगितलं, "पिंपात आहे पाणी, काकू."

काकूंनी पिंपात वाकून बघितलं. तळाला होतं थोडं. तिथेच पोरांचे प्यायचे पेले मांडलेले होते. त्यांनी पेल्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "राहू दे. पोरांना लागेल प्यायला."

आणि येऊन बसल्या.

त्यांनी पाणी वाचवलं, की आणखी काही सोडलं? मी त्या उन्हाळाभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मला कळलं नाही. कारण पुढच्या वेळी नळाला पाणी होतं आणि त्यांनी पुन्हा धुतलं. त्याच्या पुढच्या वेळी नाही धुतलं. पप्पांच्या पत्रकात जो शब्द येत नाही, 'कदाचित', तो मला इथे लिहावा लागतोय, आणि तो लिहिताना माझा हात अजून अडतो. माणसानं माणसाच्या ताटात जेवावं, हे नळाला पाणी आहे की नाही यावर ठरता कामा नये. एवढं मला स्पष्ट आहे.

नवी इमारत अजून पूर्ण झालेली नाही. आम्ही अजून इथेच आहोत, हायवेची धूळ खात. काकांना एका गोडाऊनमध्ये काम लागलं, काही बायकांना इकडच्या टॉवरमध्ये घरकामं मिळाली, आमचं रेशन इकडच्या दुकानात मिळायला लागलं. शिट्ट्या थोड्या वाढल्या. पण वर्ग चालू आहे, कारण थोड्या म्हणजे सगळ्या नव्हेत. ताटं आता कुणी नाव बघून घरी नेत नाही. आजीचं ताट नक्की कुणाच्या मांडणीवर असतं, सांगता येत नाही, आणि आमच्या घरात काकूंच्या आईचं ताट कधीपासून आहे तेही.

या रविवारी, या उन्हाळ्यातल्या पहिल्या वर्गाला, काकू नव्या सुनेला घेऊन आल्या. गोड मुलगी आहे, गावाहून आलेली, डोक्यावरचा पदर सावरत होती. आई आता गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसते, ताटं मी देते. मी वरचं ताट उचललं आणि मुलीला दिलं. तिनं ते हातात फिरवलं, खालचं नाव वाचलं, सासूकडे बघितलं. मग उठली आणि नळाकडे चालायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आधीपासून तसंच.

माझ्या कानशिलात तेच जुनं रक्त वाजायला लागलं. नळाला पाणी होतं. तिनं तोटी सोडली, धार पडली.

"अगं," काकू पंगतीतून म्हणाल्या. आवाज चढा नव्हता. त्या आपल्या ताटातलं लोणचं कडेला सारत होत्या. "धुतलेली असतात ती. ये, बस."

मुलगी घुटमळली. मग तिनं नळ बंद केला.